मॅचअप कळलं म्हणजे निकाल कळला का? एनबीए सामन्यांवरच्या सट्ट्याचं गणित समजून घ्या

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल सामन्याआधी 'कोण कोणाला अडवणार' याचा अभ्यास करून पैज लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हा अभ्यास खोटा नाही. मग त्यातून पैसा का सुटत नाही?

११ जून २०१५. एनबीए फायनल्सचा चौथा सामना, ठिकाण क्लीव्हलँड. सात सामन्यांच्या मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ असे मागे पडले होते. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सच्या लेब्रॉन जेम्सनं पहिल्या तीन सामन्यांत ४४, ३९ आणि ४० गुण केले होते.

सुरुवातीच्या पाच खेळाडूंत बदल करणार का, असं पत्रकारांनी वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांना सामन्याआधी विचारलं. त्यांनी बदल नसल्याचं भासवलं. सामना सुरू झाला तेव्हा मात्र सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बाकावर होता आणि त्याच्या जागी आंद्रे इग्वाडाला कोर्टवर उतरला होता. त्या मोसमात तोपर्यंत इग्वाडालानं एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती. वॉरियर्सनी १०३-८२ असा सामना जिंकला. आपण खोटं बोललो होतो, हे कर यांनी नंतर हसत हसत मान्य केलं.

आता यातली खरी गंमत बघा. वॉरियर्सनी उंच खेळाडू बसवला, म्हणून कॅव्हेलियर्सचा धिप्पाड सेंटर टिमोफी मोझगोव्ह मोकळा सुटला. त्यानं तब्बल २८ गुण केले. म्हणजे मोझगोव्हनं आपलं मॅचअप जिंकलं, पण त्याचा संघ २१ गुणांनी हरला. पुढच्या सामन्यात तर त्याच्या प्रशिक्षकांनीच त्याला जेमतेम ९ मिनिटं खेळवलं. २८ गुणांचा आकडा पाहून पाचव्या सामन्यात मोझगोव्हवर पैज लावणाऱ्याचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

मॅचअपच्या अभ्यासाची ताकद आणि मर्यादा, दोन्ही या एका मालिकेत दिसतात. एकेक मुद्दा पाहू.

मॅचअप म्हणजे नेमकं काय?

बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांचे प्रत्येकी पाच खेळाडू कोर्टवर असतात. बचाव करताना बहुतेक वेळा प्रत्येक खेळाडू समोरच्या संघातल्या एकाला धरून राहतो. या जोडीला मॅचअप म्हणतात. उंच विरुद्ध बुटका, चपळ विरुद्ध संथ, उत्तम नेमबाज विरुद्ध आळशी बचावपटू अशी जोडी जमली की एका बाजूचं पारडं जड होतं. त्याला मिसमॅच म्हणतात.

क्रिकेटचं उदाहरण घ्या. एखादा फलंदाज डावखुऱ्या फिरकीसमोर अडखळतो, हे आपल्याला माहीत असतं. तो स्ट्राइकवर आला की कर्णधार त्याच गोलंदाजाला चेंडू देतो. हे मॅचअपच आहे. फरक इतकाच, की क्रिकेटमध्ये गोलंदाज किमान एक षटक तरी बदलत नाही. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक आक्रमणाला २४ सेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात जोड्या दोनतीनदा बदलू शकतात. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला अशी साधारण १०० आक्रमणं येतात.

सामन्याआधी जाणकार काय पाहतात?

पहिली गोष्ट म्हणजे पिक अँड रोल आणि स्विच. आक्रमण करणारा संघ आपला एक खेळाडू बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा करतो. याला स्क्रीन म्हणतात. अडकलेल्या बचावपटूला मग आपला माणूस सोडून दुसऱ्याला धरावं लागतं, म्हणजेच स्विच करावं लागतं. हुशार संघ हे मुद्दाम घडवून आणतात आणि समोरचा सगळ्यात कच्चा बचावपटू शोधून त्याच्यावर हल्ला करतात.

२०१६ च्या फायनल्सचा सातवा सामना याच कारणासाठी आठवला जातो. शेवटचं एक मिनिट, धावफलक ८९-८९. कॅव्हेलियर्सनी स्क्रीन लावून कायरी अर्विंगसमोर स्टीफन करी येईल अशी व्यवस्था केली. अर्विंगनं करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा फटका मारला आणि कॅव्हेलियर्स ९३-८९ नं विजेते ठरले.

दुसरी गोष्ट म्हणजे उंच सेंटर आणि लांबून मारणारे नेमबाज. २०२१ मध्ये युटा जॅझचा रूडी गोबेर वर्षातला सर्वोत्तम बचावपटू होता. त्याची सगळी ताकद बास्केटखाली उभं राहण्यात. लॉस एंजेलिस क्लिपर्सनी प्लेऑफमध्ये पाचही नेमबाज बाहेर पसरवले आणि गोबेरला बास्केटपासून लांब खेचलं. मालिकेतल्या सहाव्या सामन्यात त्यामुळे टेरन्स मॅन मोकळा सुटला. मोसमात सरासरी ७ गुण करणाऱ्या या खेळाडूनं ३९ गुण केले आणि २५ गुणांनी मागे पडलेल्या क्लिपर्सनी सामना १३१-११९ असा फिरवला.

तिसरी गोष्ट म्हणजे मिनिटं आणि फाउल. सहा फाउल झाले की एनबीए खेळाडू सामन्याबाहेर जातो. मुख्य बचावपटूला पहिल्याच सत्रात तीन फाउल मिळाले, तर प्रशिक्षक त्याला बसवतात आणि कागदावरचं मॅचअप तिथंच संपतं.

चौथी गोष्ट म्हणजे थकवा आणि दुखापती. ८२ सामन्यांच्या मोसमात लागोपाठ दोन रात्री खेळण्याची वेळ प्रत्येक संघावर येते. कोण खेळणार आणि कोण साशंक, याची अधिकृत यादी संघांना सामन्याआधी जाहीर करावी लागते. जाणकार सगळ्यात आधी हीच यादी पाहतात, कारण मुख्य खेळाडूच बाहेर असेल तर बाकीचा अभ्यास निरर्थक ठरतो.

मॅचअपमुळे खरंच निकाल बदलतो का?

हो, बदलतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००७ चं. डॅलस मॅव्हरिक्सनी त्या मोसमात ६७ सामने जिंकले आणि फक्त १५ गमावले. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत त्यांची गाठ आठव्या मानांकित गोल्डन स्टेट वॉरियर्सशी पडली. वॉरियर्सचे प्रशिक्षक डॉन नेल्सन हे आधी डॅलसचेच प्रशिक्षक होते. डॅलसचा सात फुटी तारा डर्क नोवित्स्की याला काय आवडत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी नोवित्स्कीवर उंच खेळाडू लावलाच नाही. उंचीनं कमी पण चपळ अशा स्टीफन जॅक्सनला त्याच्या अंगाला चिकटून ठेवलं. सहाव्या सामन्यात नोवित्स्कीचे १३ पैकी केवळ २ फटके बास्केटमध्ये गेले आणि त्याला ८ गुणांवर समाधान मानावं लागलं. डॅलस २-४ नं बाहेर पडलं. त्यानंतर काही दिवसांनी मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नोवित्स्कीलाच गौरवण्यात आलं!

मोसमातल्या तिन्ही लढती वॉरियर्सनीच जिंकल्या होत्या, म्हणजे इशारा आधीपासून समोर होता. पण ही कथा आपल्याला आठवते, कारण ती दुर्मीळ आहे. १९८४ पासून २०२५ पर्यंतच्या प्लेऑफमध्ये आठव्या मानांकित संघानं पहिल्या मानांकिताला हरवण्याची घटना फक्त ६ वेळा घडली. जिथं मॅचअप कागदावर उत्तम दिसलं आणि तरीही मोठा संघच जिंकला, अशा मालिका कोणी लक्षात ठेवत नाही.

पैज नेमकी कशावर लागते?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. त्यानंतर अनेक राज्यांत मोबाइलवरून पैज लावणं कायदेशीर झालं. खुद्द एनबीएनं सट्टा कंपन्यांशी भागीदारी केली.

पैजांचे ढोबळ प्रकार चार. कोण जिंकणार, ही पहिली. किती गुणांच्या फरकानं जिंकणार, ही दुसरी. तिला स्प्रेड म्हणतात. दोन्ही संघांचे मिळून एकूण गुण किती, ही तिसरी. आणि अमुक खेळाडू इतक्या गुणांच्या वर जाईल की खाली राहील, ही चौथी. तिला प्लेअर प्रॉप म्हणतात. मॅचअपचा अभ्यास करणारे बहुतेक जण या चौथ्या प्रकाराकडे वळतात. 'समोरचा बचावपटू कच्चा आहे, म्हणजे आज याचे २५ गुण पक्के,' असा तो हिशोब असतो.

हा हिशोब तीन ठिकाणी चुकतो.

चूक पहिली: तुम्हाला दिसतं ते भाव ठरवणाऱ्यालाही दिसतं

एनबीएच्या प्रत्येक कोर्टवर खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत. २०२३-२४ च्या मोसमापासून हे काम हॉक-आय करते. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना आपण पाहतो तीच ही कंपनी. कोणी कोणाला किती वेळ अडवलं, त्या वेळात किती गुण झाले, ही आकडेवारी एनबीएच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते.

जी माहिती सगळ्यांकडे आहे, तिच्यातून फायदा होत नाही. सट्टा कंपन्यांकडे त्याहून अधिक माहिती, संगणकीय मॉडेल आणि तज्ज्ञ असतात. कच्चा बचावपटू समोर आहे हे पाहूनच त्यांनी २२ ऐवजी २४.५ अशी रेषा ठेवलेली असते. प्रश्न 'हे मॅचअप चांगलं आहे का' हा नसतोच. 'भावात धरलंय त्याहूनही ते चांगलं आहे का,' हा असतो. त्याचं उत्तर मोबाइलवर व्हिडिओ पाहून मिळत नाही. मुख्य खेळाडू जखमी असल्याची बातमी तुमच्यापर्यंत येते तोवर भाव बदललेले असतात. वरातीमागून घोडं, असाच तो प्रकार.

वर कंपनीचा कट असतो तो वेगळाच. अमेरिकेतला नेहमीचा भाव असा: १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावायचे. अशा १०० पैजा लावल्या आणि निम्म्या जिंकल्या, तर मिळाले ५,००० आणि गेले ५,५००. म्हणजे ५० टक्के वेळा बरोबर असूनही ५०० डॉलरचा तोटा. ५२ जिंकल्या तरी ८० डॉलर खिशातूनच जातात. नुसतं बरोबरीत राहायला साधारण ५२.४ टक्के अचूकता लागते.

चार पैजा एकत्र बांधल्या, म्हणजे पार्ले लावलं, तर हा कट वाढत जातो. प्रत्येक पैजेची शक्यता निम्मी धरली तर चारही जिंकल्यावर न्याय्य परतावा लावलेल्या रकमेच्या १६ पट हवा. वरच्या भावानं हातात पडतात साधारण १३.३ पट. म्हणजे दीर्घकाळात लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे १७ जातात. ॲप पार्लेचीच जाहिरात जास्त का करतात, याचं उत्तर इथं आहे.

चूक दुसरी: छोट्या नमुन्यावर मोठा निष्कर्ष

समजा एक नेमबाज तीन गुणांचे ३६ टक्के फटके यशस्वी करतो. एका विशिष्ट बचावपटूसमोर त्यानं १० फटके मारले आणि फक्त २ यशस्वी झाले. 'त्याच्यासमोर हा २० टक्क्यांवर येतो,' असा निष्कर्ष लगेच निघतो.

पण बचावपटूचा काहीही संबंध नसताना, निव्वळ योगायोगानं, १० पैकी २ किंवा त्याहून कमी फटके यशस्वी होण्याची शक्यता किती? जवळपास २४ टक्के, म्हणजे साधारण चारातून एकदा. नाणं चार वेळा उडवून तीनदा छाप पडला म्हणून नाण्यात खोट आहे असं आपण म्हणत नाही. इथं मात्र आपण तेच करतो.

एनबीएचे दोन संघ एका मोसमात एकमेकांशी दोन ते चार वेळाच खेळतात. त्यातही ठरावीक दोन खेळाडू समोरासमोर येतात ती काही मिनिटंच, आणि दरम्यान मदतीला धावणारा दुसरा बचावपटू असतोच. त्यामुळे 'अमक्यासमोर तमका' या आकड्यांत माहिती थोडी आणि गोंगाट जास्त असतो.

चूक तिसरी: मॅचअप ठरवणारा तुम्हाला सांगणार नाही

इग्वाडालाचं उदाहरण वर आलंच आहे. पण प्रशिक्षकानं डाव लपवणं हा खेळाचा भाग झाला. खेळाडूनं स्वतःच पैजेसाठी माहिती विकली तर?

टोरांटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरनं हेच केलं. मार्च २०२४ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जविरुद्धच्या सामन्यात तो काही मिनिटं खेळला आणि बरं वाटत नसल्याचं सांगून बाहेर गेला. तो असं करणार हे काही जणांना आधीच माहीत होतं. त्याचे आकडे कमी राहतील अशा पार्लेवर एकानं ८० हजार डॉलर लावले होते. जिंकल्यास ११ लाख डॉलर मिळणार होते. पैज संशयास्पद वाटल्यानं ती रोखली गेली. एप्रिल २०२४ मध्ये एनबीएनं पोर्टरवर आजीवन बंदी घातली आणि जुलैमध्ये त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. स्वतःच्या जुगाराचं कर्ज फेडण्यासाठी आपण हे केल्याचं त्यानं सांगितलं.

त्या रात्री पोर्टरच्या समोर कोण बचाव करणार, याचा कोणी कितीही बारकाईनं अभ्यास केला असता तरी उपयोग शून्य होता. फारसं नाव नसलेल्या खेळाडूंवरच्या पैजा सगळ्यात सहज फिरवता येतात, हे या प्रकरणानं दाखवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या एनबीएच्या भागीदार कंपन्यांनी अल्पमुदतीच्या करारावरच्या खेळाडूंचे आकडे 'कमी राहतील' अशा पैजा घेणं बंद केलं.

म्हणजे कोणीच जिंकत नाही?

मोजके व्यावसायिक जिंकतात. ते एका सामन्यावर नाही, तर हजारो पैजांवर दीडदोन टक्क्यांच्या फरकावर जगतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव ताडून पाहतात, स्वतःची मॉडेल चालवतात. आणि सातत्यानं जिंकू लागलेल्या ग्राहकाची पैजेची मर्यादा घटवणं, ही अनेक कंपन्यांची पद्धतच आहे. हरणाऱ्याला मात्र बोनस मिळतो.

भारतातून पैज लावता येते का?

एनबीएचे बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे आणि सकाळी दिसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले, तेव्हापासून इथला चाहतावर्ग आणखी वाढला. त्याच्या मागोमाग परदेशी सट्टा ॲपच्या जाहिराती आणि 'आजचं पक्कं मॅचअप' विकणारे टेलिग्राम चॅनेलही आले.

महाराष्ट्रात १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानुसार सट्टा हा गुन्हा आहे. घोड्यांच्या शर्यतींना अटींसह सूट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगविषयी नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यांच्यावर बंदीची तरतूद यात आहे. असे खेळ चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा मंजूर होताच मुंबईच्या ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

परदेशातून चालणाऱ्या ॲपवर पैसे अडकले तर दाद मागायला कोणतंही कार्यालय सापडत नाही. 'जिंकलेली रक्कम काढायची तर आधी कर भरा' असं सांगून आणखी पैसे मागितले गेले, तर ती सरळ फसवणूक समजा. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते. सवय सुटत नसेल, कर्ज होत असेल, तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

मग हा अभ्यास वायाच का?

अजिबात नाही. मॅचअप कळलं की बास्केटबॉल वेगळाच दिसू लागतो. पुढचा सामना पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिल्या पाच मिनिटांत कोण कोणाला धरतोय, ते बघा. आक्रमण करणारा संघ स्क्रीन लावून वारंवार कोणत्या एका बचावपटूला शोधतोय, ते बघा. आणि दुसऱ्या सत्रानंतर प्रशिक्षकानं त्यावर काय उपाय केला, ते बघा. चेंडूकडे सोडून या तीन गोष्टींकडे पाहिलंत, तर चौथ्या सत्रात काय होणार याचा अंदाज तुम्हालाही येऊ लागेल.

तो अंदाज बऱ्याचदा चुकेलही. पैसे लावलेले नसतील, तर तो चुकण्यातही मजा आहे.